न विचारता पाहिलेले चेहरे

आजच्या मिस्सात आपण राजपुत्राच्या लग्नाच्या मेजवानीचा दाखला ऐकला. आमंत्रितांनी पाठ फिरवली तेव्हा राजाने चाकरांना रस्त्यांवर पाठवले आणि त्यांनी भेटतील तितक्यांना, बरे-वाईट न पाहता, आणून बसवले. दाखल्याच्या शेवटी प्रभू सांगतो, की बोलावणे पुष्कळांना जाते, निवड मात्र थोड्यांची होते. या वचनाचा पूर्वार्ध एका छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकाला नाव म्हणून दिला आणि उत्तरार्ध सोडून दिला. त्याच्याविषयी आज थोडे बोलावेसे वाटते, कारण आता कॅमेरा आपल्यातील बहुतेकांच्या खिशात आहे.

वॉकर इव्हान्स हे त्याचे नाव. जन्म १९०३, मृत्यू १९७५. शहरांतले रस्ते, दुकानांच्या पाट्या, गरिबांची घरे आणि साधी माणसे टिपण्यात या अमेरिकन माणसाची हयात गेली. १९३८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी त्याने एक वेगळेच काम हाती घेतले. कॉन्टॅक्स नावाचा छोटा कॅमेरा त्याने छातीशी बांधला, त्याचे चकाकणारे भाग काळे रंगवले आणि वरून कोट घातला. बटणांच्या फटीतून फक्त भिंग डोकावत असे. कळ दाबण्याची तार बाहीतून तळहातापर्यंत आणलेली. असा तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाऊन बसे. कधी कधी शेजारी हेलन लेव्हिट असे, जी पुढे स्वतःच रस्त्यावरच्या छायाचित्रांसाठी नावाजली गेली. १९४१ पर्यंत हे काम चालले आणि सहाशेहून अधिक चेहरे जमा झाले.

कोटाआडच्या कॅमेऱ्यातून पाहता येत नाही. नेम धरता येत नाही, उजेड हवा तसा करता येत नाही, समोरच्याला जरा डावीकडे बघायला सांगता येत नाही. समोरच्या बाकावर जो येऊन बसेल तो. टोपी घातलेली बाई, पेंगुळलेला कामगार, वर्तमानपत्रात डोके घातलेला गृहस्थ, आईला बिलगलेले मूल. लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना हे चेहरे अनोळखी वाटणार नाहीत. घरी आपण कोणाचे तरी वडील असतो, कचेरीत कोणाचे तरी साहेब किंवा शिपाई असतो. गाडीत दोन स्थानकांच्या मधे आपण कोणीच नसतो, आणि तेवढ्या वेळात चेहरा आपल्या मूळ जागी परत येतो. इव्हान्सला तो चेहरा हवा होता. स्टुडिओत केस विंचरून बसलेला नको होता.

चाकरांनी रस्त्यावरून सरसकट सगळ्यांना गोळा करावे तसेच हे झाले. निवड करण्याचा हक्क छायाचित्रकाराने आपण होऊन सोडला. म्हणून ते नाव त्या पुस्तकाला शोभते. तरीही एक गोष्ट आम्हाला खटकते. दाखल्यातल्या लोकांना निदान आपल्याला बोलावले आहे हे ठाऊक होते. या प्रवाशांना ते कोणी सांगितलेच नाही. ज्याला बोलावले त्याच्या कानी न पडलेले बोलावणे, त्याला बोलावणे म्हणायचे का?

ही टोचणी खुद्द इव्हान्सलाही होती. काम १९४१ मध्ये संपले, पुस्तक निघाले १९६६ मध्ये. त्याचा मित्र जेम्स एजी याने प्रस्तावना १९४० मध्येच लिहून ठेवली होती. पुस्तक हाती येण्याआधी अकरा वर्षे तो वारला. मधल्या काळात थोडीच छायाचित्रे नियतकालिकांतून बाहेर आली. या पंचवीस वर्षांत मुले मोठी झाली, म्हातारी माणसे देवाघरी गेली, चेहऱ्यांची ओळख पुसट झाली. आपण चोरून पाहिले, या विचाराने तो शरमत होता. आजच्या काळात, छायाचित्र काढल्यापासून पंचवीस सेकंदांत ते सगळ्या गटांवर जाते, तेव्हा हे थांबणे आम्हाला त्याच्या कलेइतकेच मोलाचे वाटते.

मग विचारून काढले असते तर सारे ठीक झाले असते का? तसेही नाही. याच दोघा मित्रांनी १९३६ मध्ये अलाबामा राज्यात कुळाने शेती करणाऱ्या तीन गरीब कुटुंबांसोबत काही आठवडे घालवले. त्यावरच्या १९४१ च्या पुस्तकाचे नावही पवित्र शास्त्रातलेच, सिराखच्या ग्रंथातले. नामवंत पूर्वजांची स्तुती करता करता ज्यांची आठवणही उरली नाही त्यांनाही स्मरणारा तो अध्याय. त्या कुटुंबांतली माणसे कॅमेऱ्यासमोर समजून-उमजून उभी राहिली होती. लेखकाने त्यांची नावेही बदलली होती. तरी पुढे त्यांच्या काही वारसांनी नाराजी बोलून दाखवली, की आमच्या घराचे दारिद्र्य जगाने पाहिले, आम्हाला काय मिळाले? मान हलवली म्हणजे माणसाने सगळे दिले असे होत नाही.

कायद्याकडे वळावे, तर त्याचे उत्तर कोरडे आहे. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९९९ ते २००१ या काळात दिवे बसवून दुरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यात एक वृद्ध, धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ होते. आपल्या धर्मात प्रतिमा करणे निषिद्ध आहे, या कारणाने ते न्यायालयात गेले. २००६ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. हे कलेचे काम आहे आणि कलेला मोकळीक आहे, असे ठरले. निकाल कायद्याला धरून असेल. पण आपल्या श्रद्धेविरुद्ध आपला चेहरा भिंतीवर टांगला आहे हे कळल्यावर त्या माणसाला जे वाटले असेल, त्याची भरपाई कोणत्या निकालाने होणार?

शुभवर्तमानात न विचारता पाहणे अनेक ठिकाणी आहे. नथनेल अंजिराच्या झाडाखाली होता तेव्हा येशूने त्याला पाहिले. त्याला पत्ताही नव्हता. पण भेट झाल्यावर येशूने ते लपवले नाही, मी तुला तिथे पाहिले हे सांगून टाकले. आजच्या दाखल्यातला राजाही पाहुण्यांना पाहायला आत येतो आणि ज्याच्यावर नजर ठरते त्याला मित्र म्हणून हाक मारतो. (पुढे त्या माणसाचे जे होते ते कठोर आहे, त्याचा उलगडा प्रवचनात झालाच आहे.) आमच्या मते भेद इथे आहे. नजर तर पडणारच, देवाने डोळे त्यासाठीच दिले आहेत. पण पाहणाऱ्याने पाहिलेल्या माणसासमोर येऊन उभे राहावे, मी तुला असे पाहिले म्हणावे आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यावे. कोटाआड हे होत नाही.

आता घरचे बोलू. नाताळात धान्य, चादरी, वह्या वाटल्या जातात. पिशवीला दोघांचे हात लागलेले असतात आणि क्लिक होईपर्यंत देणारा पिशवी सोडत नाही. घेणाऱ्या बाईला वर बघायला सांगतात. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, हे डोंगरावरचे वचन आपल्याला ठाऊक असते, तरी कॅमेऱ्याला मात्र कळायला हवे असते. यावर उत्तर मिळते, की देणगीदारांना हिशेब दाखवावा लागतो, छायाचित्र पाहून आणखी चार जण पुढे येतात. हे खरे आहे, आणि त्या चार जणांमुळे कोणाची तरी चूल पेटते हेही खरे. पण हिशेबाला पोत्यांचे छायाचित्र पुरते. त्यासाठी बाईचा चेहरा कशाला? तिची मुलगी आपल्याच मुलांबरोबर प्रश्नोत्तराच्या वर्गाला बसते आणि तो फोटो तिच्या मैत्रिणींच्या घरीही पोचतो. मयताच्या घरी शवपेटीजवळ फोन उंचावणाऱ्यांना वेगळे काय सांगावे? परदेशातल्या मुलाला दाखवायचे असेल तर जरूर दाखवावे. घरच्यांना विचारून, आणि त्या मुलापुरते.

इव्हान्सच्या त्या मालिकेत एक छायाचित्र इतरांहून निराळे आहे. त्यात समोरचा बाक नाही, डब्याची लांब मधली वाट दिसते. एक अंध माणूस अकॉर्डियन वाजवत त्या वाटेने पुढे येतो आहे. दोन्ही बाजूंना माणसे बसली आहेत. त्याला आपण दिसत नाही, म्हणून कोणाला नजर चुकवण्याचीही गरज नाही. त्याच्यासाठी ना कोटाची बटणे, ना काळा रंग. आपण त्याच्याकडे हवा तितका वेळ बघू शकतो, आणि तेवढ्यानेच त्या छायाचित्राकडे फार वेळ बघवत नाही.