भाकरीनंतर काय? निर्वासित तरुणांची धाव आणि आपले कर्तव्य

घरदार गमावून परक्या भूमीत आलेल्या तरुणाचे आपण काय देणे लागतो? अन्न, वस्त्र, औषध आणि डोक्यावर छप्पर, हे उत्तर कोणीही देईल. परंतु ज्याचे पोट भरले आहे, पण ज्याला उद्याची वाटच दिसत नाही, त्याचे काय? त्याला धावण्याचे बूट देणे ही मदत म्हणायची की चैन?

केनियाच्या वायव्येस, तुर्कानाच्या रखरखीत प्रदेशात काकुमा ही निर्वासितांची छावणी आहे. १९९२ साली सुदानच्या यादवीतून निसटलेल्या मुलांसाठी ती उभारली गेली. तेथे शिधा मिळतो. काम करण्याचे आणि छावणीबाहेर जाण्याचे स्वातंत्र्य मात्र फारच थोडे. कित्येक मुले तेथेच लहानाची मोठी झाली. न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणाऱ्या पहिल्या आफ्रिकी महिला तेगला लोरूपे यांनी या छावणीत धावण्याच्या चाचण्या घेतल्या. अनेक तरुण अनवाणी धावले. निवडलेल्यांना नैरोबीजवळ प्रशिक्षण मिळाले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये निर्वासितांचा पहिला संघ उतरला. त्यातील १० खेळाडूंपैकी ५ जण दक्षिण सुदानचे धावपटू होते, आणि संघाचा ध्वज त्यांच्यापैकीच रोझ लोकोन्येन या तरुणीच्या हाती होता.

या पाचांपैकी एकही जण पहिल्या फेरीच्या पुढे गेला नाही. मग त्यांचे श्रम वाया गेले का?

आदरणीय हाजरा (अ.) यांचे स्मरण करा. निर्जन वाळवंटात तान्हे बाळ तहानेने तळमळत होते आणि ती माता सफा व मरवा या टेकड्यांदरम्यान सात वेळा धावली. टेकड्यांवर पाणी मिळाले नाही. झमझम उफाळून आला तो बाळापाशी. तरीही अल्लाहने ती धाव व्यर्थ ठरविली नाही. हज व उमरा करणाऱ्या प्रत्येकासाठी तिला उपासनेचा भाग केले. प्रयत्न दासाचा, फळ अल्लाहचे.

दुसरा प्रसंग हदीसमधील आहे. एक गरजू अन्सारी मदत मागण्यास आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या घरातील कांबळे आणि प्याला दोन दिरहमांना विकला. एका दिरहमाचे अन्न कुटुंबासाठी घ्यावयास सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि त्याला लाकडे तोडावयास पाठविले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी भाकरी, पण भाकरीवर थांबणे नाही. दुसरा दिरहम माणसाला पुन्हा उभे करण्यासाठी.

निर्वासित तरुणासाठी धावणे हा असाच दुसरा दिरहम ठरू शकतो. जे पाय एकदा भयाने धावले, ते आता स्वेच्छेने धावतात. पहाटे उठण्यास कारण मिळते, वाट पाहणारे सोबती मिळतात, आणि शिधापत्रिकेवरील क्रमांकाला पुन्हा नाव लाभते. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिची निगा राखणे हा खेळच नव्हे, कर्तव्यही आहे.

अर्थात धावण्याने युद्ध थांबत नाही, हरवलेली माता परत येत नाही. शिक्षण, रोजगार आणि कायदेशीर ओळख यांची जागा बूट घेऊ शकत नाहीत. ज्याला हे विसरायचे असेल, त्याने खेळाचे गोडवे गाऊ नयेत.

मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पहिल्या मुस्लिमांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नज्जाशीने, आश्रय दिला आणि त्यांना छळकर्त्यांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. आपल्या इतिहासाचा प्रारंभच कोणाच्या तरी उघड्या दाराशी झालेला आहे. म्हणून दारी आलेल्या निराधार मुलाचा धर्म वा देश विचारण्याआधी स्वतःला विचारू या : आपण त्याला केवळ जगविले, की चालतेही केले? अल्लाह आम्हाला दुसरा दिरहम खर्च करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.