शुश्रूषा आणि संकोच

वृद्ध आईबापांची सेवा करावी, हें आपल्या समाजांत कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. पुंडलिकानें प्रत्यक्ष देवास विटेवर तिष्ठत ठेवलें तें आईबापांच्या सेवेंत खंड पडूं नये म्हणून, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्या कथेंतला पुंडलिक बहुधा पाय चुरीत बसलेला असतो. पाय चुरणें सोपें आहे असें माझें म्हणणें नाहीं; पण तें चारचौघांत करतां येतें, त्याचें चित्र काढून भिंतीवर लावतां येतें. जिचें चित्र काढतां येत नाहीं आणि जिच्याविषयीं घरांतहि हलक्या आवाजांत बोललें जातें, अशी एक सेवा मला वयाच्या पन्नाशीनंतर करावी लागली. तिनें माझ्यापुढें जो प्रश्न उभा केला, त्याचें उत्तर मीं वर्गांत आजवर शिकविलेल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत मला आयतें सांपडलें नाहीं.

प्रश्न असा: ज्याची सेवा करावयाची त्याला त्या सेवेचीच लाज वाटत असेल, तर सेवा करणाऱ्याचें कर्तव्य कोणतें?

आमचे वडील—घरांत आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं—कामठींतल्या शाळेंत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. ब्याऐंशीव्या वर्षीं एके दिवशीं त्यांची लघवी एकाएकीं तुंबली. प्रोस्टेट ग्रंथि वाढलेली होती. हृदय अशक्त म्हणून शस्त्रक्रिया करूं नये असें नागपुरास डॉक्टरांनीं ठरविलें, आणि मूत्राशयांत नळी घालून व तिला पिशवी जोडून त्यांना घरीं पाठविलें. नळी ठराविक मुदतीनें बदलावयाची, बाकी सर्व घरींच. निघतांना तेथल्या परिचारिकेनें मला अर्धा तास उभें करून धडा दिला. पिशवी नेहमीं मूत्राशयाच्या पातळीखालीं टांगावी, पण जमिनीस टेकूं देऊं नये. नळीला पीळ किंवा दुमड पडूं नये. नळी व पिशवी यांचा सांधा विनाकारण सोडूं नये. पिशवी फार भरण्यापूर्वीं खालच्या तोटीनें रिकामी करावी आणि तोटीचा भांड्यास स्पर्श होऊं देऊं नये. आधीं व मागून साबणानें हात धुवावे. नळी शरीरांत शिरते ती जागा रोज साबणपाण्यानें स्वच्छ करावी. हें सारें मीं वहींत उतरून घेतलें आणि मला सारें समजलें अशी माझी खात्री झाली. विद्यार्थ्यांचीहि अशीच होते.

पहिल्याच आठवड्यांतली गोष्ट. मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे रात्रीं बारा वाजेपर्यंत भिंती तापलेल्या. सकाळीं मी अण्णांच्या खाटेजवळ गेलों तों पिशवी जवळजवळ रिकामी! रात्रभर स्वस्थ झोंप लागलेली दिसते, असें मनांत येऊन मला बरें वाटलें. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलें. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. नळी मांडीखालीं दुमडून बसली होती आणि मूत्राशय दगडासारखें झालें होतें. दुमड सोडवितांच पिशवी भरूं लागली. त्यांनीं भिंतीकडे तोंड फिरविलें. मी दोन हातांवर निजलों होतों. एक हांक पुरली असती. "कां नाहीं उठविलेंत?" असें मीं कांहींशा रागानेंच विचारलें. बऱ्याच वेळानें उत्तर आलें: "असल्या गोष्टीसाठीं मुलाला उठवायचें?"

ही झाली त्यांची लाज. पण माझीहि कांहीं कमी नव्हती. पुढल्याच रविवारीं नातलग समाचारास आले, तेव्हां ती पिशवी त्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून मीं ती उचलून खाटेवर ठेविली आणि वर शाल पांघरली. चहापाणी, जुन्या आठवणी यांत दीड तास गेला. पिशवी उंचावर, म्हणजे आंतली लघवी पुन्हां मूत्राशयाकडे परतण्याची सोय मीं स्वहस्तें केली होती. तिसऱ्या दिवशीं थंडी वाजून ताप आला. तो त्यामुळेंच आला असें निश्चयानें कोण सांगणार? पण परिचारिकेनें सांगितलेली पहिली गोष्टच मीं मोडली होती, आणि ती अज्ञानानें नव्हे. अण्णांची अब्रू राखतों आहें असें मला वाटत होतें. राखीत होतों ती बहुधा स्वतःची.

चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकीं परिचारकाच्या ठिकाणीं त्यानें चार गुण मागितले आहेत: उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच. हा क्रम मला पूर्वीं कधीं लक्षांत घेण्यासारखा वाटला नव्हता. त्या तापाच्या दिवसांत वाटला. प्रेम यादींत आहे, पण तें तिसरें आहे. आम्ही शिकलेली माणसें मात्र असें धरून चालतों कीं, प्रेम असलें म्हणजे बाकीचें आपोआप येतें. शालीखालीं पिशवी झांकली ती प्रेमानेंच कीं! (आणि घरांतले पुरुष सेवेवर बोलतात व ती सून करते, हा आपल्याकडचा दुसरा प्रकार. आमच्याकडे तो टळला, कारण अण्णांनीं सुनेस जवळ येऊं दिलें नाहीं. त्यांत माझें श्रेय कांहीं नाहीं.)

अण्णांच्या हट्टाचा विचार करतां करतां मला महात्मा गांधींच्या आत्मकथेंतल्या एका प्रसंगाची आठवण झाली. त्यांचे वडील करमचंद १८८५ सालीं वारले. त्या दुखण्यांत मोहनदास त्यांच्या जखमेची मलमपट्टी करीत, रात्रीं पाय चेपीत. शेवटीं इतकी अशक्तता आली कीं देहधर्म अंथरुणावरच उरकावे असें त्यांना सांगावें लागलें. पण वैष्णवांच्या शौचाचारांत वाढलेल्या करमचंदांनीं तें अखेरपर्यंत मानलें नाहीं, कष्टानें उठतच राहिले. मुलाला त्या वेळीं या निग्रहाचें कौतुक वाटलें. पुढें मात्र त्यानेंच लिहून ठेविलें कीं, अंथरुणावरहि पूर्ण स्वच्छता राखतां येते व तिचा शौचधर्माशीं विरोध नाहीं. या दोन मतांच्या मध्यें गांधींचें सारें आयुष्य आहे. शौच म्हणजे घाणीपासून दूर राहणें, कीं घाण हातानें दूर करणें? चरकाचा शब्द 'शौच'च आहे. पण तो परिचारकाचा गुण म्हणून आलेला आहे, म्हणजे ज्याला दूर राहतां येत नाहीं त्याचा.

आपल्या समाजानें तर ही घाण हातानें दूर करण्याचें काम कांहीं जातींच्या माथीं मारून बाकीच्यांनीं शुचिर्भूत व्हावें अशी व्यवस्था लाविली होती. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत आप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम आपणांस करूं द्यावें म्हणून अन्न सोडलें, तें या व्यवस्थेविरुद्ध होतें. मैला हातानें वाहून नेण्याच्या प्रथेस बंदी करणारे कायदे १९९३ व २०१३ सालीं झाले. तरी माणसें गटारांत उतरून मरतच आहेत. माझ्या हातांत पहिल्या दिवशीं लघवीचें भांडें आलें तेव्हां जें कांहीं अंगावर शहारलें, तें निसर्गाचें नव्हतें. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हातून करून घेतल्याची ती संवय होती. चार दिवसांत ती गेली. अण्णांची जात नव्हती, कारण भांडें रिकामें करणाऱ्याची किळस व ज्याचें भांडें त्याची लाज या दोन वस्तु निरनिराळ्या आहेत. पहिली कामानें जाते. दुसरी दुसऱ्याच्या कामानें वाढते.

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. 'श्रु' धातूचें हें रूप मी विद्यार्थ्यांस कित्येक वर्षें सांगत आलों; आतां त्याचा उपयोग करण्याची वेळ आली. न बोलणाऱ्या माणसाचें ऐकावयाचें कसें? प्रेमळ प्रश्न विचारून नव्हे, "त्रास होतो का अण्णा?" याचें उत्तर ठरलेलें असे. ऐकावयाचें तें नळीकडे पाहून, लघवीचा रंग व प्रमाण पाहून, पोट ताठलें आहे कीं काय तें पाहून. पोट साफ न झाल्यासहि नळीचा प्रवाह अडतो, हें मला ठाऊक नव्हतें. तें कळल्यावर अण्णांच्या अर्ध्या तक्रारी न बोलतां ऐकूं येऊं लागल्या. ज्ञान हें असें कान देतें.

या नळीचा इतिहासहि थोडा घरगुतीच आहे. बेंजामिन फ्रँकलिनचा भाऊ जॉन मूतखड्यानें हैराण होता. कडक नळीचे त्याचे हाल कमी व्हावे म्हणून फ्रँकलिननें १७५२ सालीं सोनाराकडून चांदीची लवचिक नळी करवून त्याला पाठविली. आज वापरतात ती, टोंकाशीं पाण्याचा लहानसा फुगा असलेली व म्हणून जागेवर राहणारी नळी, फोले नांवाच्या अमेरिकन शल्यवैद्याच्या नांवानें ओळखली जाते. ती १९३० नंतरच्या दशकांतली. पण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें १९७२ सालचें. त्या वर्षीं लॅपिडीस या डॉक्टरानें दाखविलें कीं, कित्येक रोग्यांना स्वच्छ हातांनीं दिवसांतून कांहीं वेळां स्वतःच नळी घालून काढतां येते. शुश्रूषेंतला पुष्कळसा भाग तेथें रोग्याच्या हातांत परत गेला.

अण्णांना तें शक्य नव्हतें, हात थरथरत. पण तापांतून उठल्यावर मीं त्यांना, कांहींसें भीत भीत, विचारलें कीं पिशवींतलें माप मला नीट वाचतां येत नाहीं, तें आपण पाहाल काय? त्यांनीं चष्मा मागितला. दुसऱ्या दिवशीं शाळेंतली एक जुनी कोरी हजेरीवही निघाली. तारीख, वेळ, प्यालेलें पाणी, पिशवींतलें माप, रंग—रकाने त्यांनीं स्वतः आंखले. पाणी किती प्यावें हें हृदयाकडे पाहून डॉक्टरांनीं ठरवून दिलें होतें; तो हिशेब ते माझ्याकडून काटेकोर घेऊं लागले. एकदां रात्रीं दोन वाजतां त्यांनीं मला हांक मारली. मी दचकून उठलों. "प्रवाह थांबलाय. नळी बघ," ते म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहून वेळ लिहूं लागले.

त्यांना जाऊन आतां चार वर्षें झालीं. वही माझ्या टेबलाच्या खणांत आहे. शेवटच्या आठवड्यांतल्या नोंदी माझ्या अक्षरांतल्या आहेत, कारण तेव्हां त्यांना लेखणी धरवत नव्हती. तरी एका ओळींत मीं लिहिलेले ४५० तांबड्या पेन्सिलीनें खोडून बाजूला वांकड्यातिकड्या आंकड्यांत ४२० केलेले आहेत.