उगाच धावण्याविषयी

मराठीत धावण्याला मुख्यतः दोन शब्द आहेत आणि दोन्हींना कारण चिकटलेले आहे. 'पळणे' म्हटले की कुणापासून तरी पळणे आले. पळपुटा, पळवाट, पळ काढणे हे सगळे त्याचेच गणगोत. 'धावणे' म्हटले की कशाकडे तरी धावणे आले. हाकेला धावणे, मदतीला धावणे, देवाचा धावा करणे. एकात भीती आहे, दुसऱ्यात ओढ किंवा कर्तव्य. दोन्ही एकत्र झाली की होते ती 'धावपळ', आणि ती तर सगळ्यांच्याच वाट्याला आलेली. पण मागे कुणी लागलेले नाही, पुढे कुणी वाट पाहत नाही, आणि तरीही एखादे माणूस पहाटे उठून धावते आहे, या क्रियेला आपल्याकडे वेगळा शब्द नाही. लोक म्हणतात, 'उगाच धावते.'

आमच्यासारख्या हिंदी मुलखात वाढलेल्या मराठी माणसांजवळ आणखी एक शब्द असतो. हिंदीत 'भागना' म्हणजे पळणे आणि मराठीत 'भागणे' म्हणजे दमणे. माझ्या माहेरी, धारला, आजी दिवसभराची कामे उरकून ओसरीवर टेकायची आणि म्हणायची, "भागले गं बाई!" तेव्हा शेजारच्या मुली हमखास विचारायच्या, "दादी कहाँ भागी थीं?" तुमच्याकडे कानडी, तेलुगू किंवा कोंकणी शेजारामुळे अशाच गमती घडत असतील. पण खरी गंमत पुढेच आहे. मराठीत तहानही भागते. म्हणजे पळणे, दमणे आणि तृप्त होणे असे तीन अर्थ दोन भाषांच्या वेशीवर एका शब्दात येऊन बसले आहेत. वयाच्या पन्नाशीनंतर मी पुन्हा धावू लागले, तेव्हा माझ्या खटाटोपाला हाच शब्द जवळचा वाटला.

धावावे कसे, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ज्या गोष्टीचा कुणालाच उपयोग नाही, अशी गोष्ट करण्याचा हक्क माणसाला आहे का? विशेषतः ज्याच्यावर घर उभे आहे, त्याला?

धारला शाळेत असताना मी धावत असे. मुलींच्या शर्यती शंभर आणि दोनशे मीटरच्या. त्याहून लांब धावणे मुलींचे नव्हेच, अशी समजूत होती. मुंज तलावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र मैत्रिणींबरोबर कितीही धावता यायचे. लग्न होऊन देवासला आले आणि ते सुटले. कुणी मनाई केली नाही. मनाई करावी लागेल, इतके ते कुणाला महत्त्वाचेच वाटले नाही.

मध्ये पंचवीसेक वर्षे गेली. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांचे औषध, अंघोळ, कूस बदलणे यांत घराचा दिवस बांधला गेला. आणि नेमक्या याच काळात मला पुन्हा धावावेसे वाटू लागले. पहाटेचा पाऊण तास हे सासूबाईंजवळ बसतात आणि मी बाहेर पडते.

आमच्या देवासला टेकडी आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, थोरली माता आणि धाकटी माता. टेकडी चढणाऱ्या बाईला कधीही कुणी अडवीत नाही. "कुठे निघालात?" "टेकडीवर." "हो का, दर्शनाला!" आणि वाट मोकळी. धावण्याचे बूट पाहून मात्र दुसरा प्रश्न येतो, "डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं?" हो म्हटले की पुन्हा वाट मोकळी. वर काकू साखर कशी कमी करावी याचा सल्लाही देतात. म्हणजे आपल्या समाजात शरीर हलवण्याचे परवाने दोनच खिडक्यांवर मिळतात, एक देवाची आणि दुसरी डॉक्टरांची. "मला आवडतं म्हणून" असे सांगणाऱ्यासाठी तिसरी खिडकीच नाही. मी तसे सांगते तेव्हा समोरचा माणूस आणखी काहीतरी ऐकायचे आहे अशा आशेने थोडा वेळ थांबतो.

या दोन्ही खिडक्यांचा अनुभव जगाला आहे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. दमलेले पुरुषही बसतात. पण बायका बसल्या म्हणून ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६० सालापर्यंत. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली. इतकी वर्षे ही बंदी 'त्यांच्याच प्रकृतीसाठी' होती. उलट आपल्याकडे वारीत वेळापूरजवळ धावा होतो, तेव्हा नऊवारीतल्या आजीबाई उतारावरून धावत सुटतात आणि त्यांना कुणी वय विचारीत नाही. त्या देवासाठी धावतात हे खरे. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते केवळ पुण्य जोडण्याचे समाधान असेल, असे मला वाटत नाही.

आता आनंदाविषयी. धावण्याचा आनंद आपोआप मिळत नाही, तो शिकावा लागतो. न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड हे नामांकित प्रशिक्षक. १९६० साली रोममध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, सुवर्णपदके मिळवली. पण त्यांचे मोठे काम मला दुसरेच वाटते. त्यानंतर लवकरच त्यांनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, हृदयविकारातून उठलेल्या माणसांनाही हळूहळू धावायला लावले. ते पाहायला अमेरिकेतून बिल बॉवरमन आले आणि 'जॉगिंग' ही गोष्ट तिकडे घेऊन गेले. त्या मंडळींचा नियम साधा होता. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मीही तेच केले. एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे. सोबत कुणी नसल्यामुळे मी मनातल्या मनात स्वयंपाकाची यादी म्हणायची. यादी तुटली की वेग कमी. पाच-सहा आठवड्यांनी एका पहाटे यादी संपली, तरी मी धावतच होते आणि श्वास आपला आपण चालला होता. शिकायचे असते ते एवढेच. स्नायू लवकर तयार होतात, सांध्यांजवळचे कंडरे सावकाश, आणि मन सगळ्यांत शेवटी. मनाला पूर्वीचा वेग आठवत असतो.

श्वास आणि परत येणे यांची गोष्ट देवासच्या माणसाला कुमार गंधर्वांवाचून सांगता येत नाही. ते जन्माने तुमच्या बाजूचे, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. क्षयरोग झाला म्हणून १९४८ साली ते माळव्याच्या कोरड्या हवेत, देवासला आले. पाच-सहा वर्षे अंथरुणावर गेली. गायचे नाही, अशी डॉक्टरांची आज्ञा. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेले. त्या पडून राहण्यात बाहेरून जाणाऱ्यांची माळवी लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली. ते पुन्हा गायला बसले तेव्हा पूर्वीचे गाणे परत आले नाही, वेगळेच आले. लहान लहान, झपाट्याचे, नेमके तुकडे, आणि मध्ये मौन. जाणकार त्याचा संबंध त्यांच्या श्वासाशी लावतात. एवढ्या मोठ्या माणसाशी माझ्या फेरीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एक गोष्ट लहानांनाही लागू पडते. परत येणे म्हणजे गेलेले परत मिळवणे नव्हे. आहे तेवढ्या श्वासात काय बसते, ते नव्याने पाहणे.

हे विसरायला लावणारी वस्तू हल्ली मनगटावर असते. पावले, मिनिटे, ठोके, कालच्यापेक्षा किती कमी, परवापेक्षा किती जास्त. मुलाने मला असे घड्याळ भेट दिले. महिनाभरात माझ्या लक्षात आले की मी धावत नसून वही लिहीत आहे. आता ते घरीच असते. हिशेब वाईट नाही. पण हिशेबाला सगळे कळते असे नाही. तुमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच. दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत ते एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर गेलेल्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. पदकांच्या वहीत दोघांच्याही नावापुढे शून्य. पण बेचाळीस किलोमीटर आपल्या पायांनी ओलांडणे हे शून्य असेल, तर आपली वहीच चुकीची आखलेली आहे.

इथे सुज्ञ वाचक म्हणतील, बाई, एवढे कशाला? धावल्याने प्रकृती सुधारते, मन प्रसन्न होते, आणि प्रसन्न मनाने तुम्ही सासूबाईंचे अधिक चांगले करता. झाले की समर्थन! हे समर्थन सगळ्यांना पटते, आणि म्हणूनच ते मला नको आहे. कारण मग ज्या दिवशी धावून आल्यावरही माझी चिडचिड कायम राहील, त्या दिवशी माझा हक्क संपला का? उपयोगाच्या जोरावर मिळवलेला आनंद हा नोकरीवर ठेवलेला आनंद असतो. काम केले नाही की त्याला काढून टाकता येते.

निष्काम कर्माचा दाखलाही इथे पुरत नाही. फळाची आशा सोडून करायचे ते कर्तव्य. आणि धावणे माझे कर्तव्यच नाही. मला जवळचे वाटते ते ब्रह्मसूत्रांतले उत्तर. ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही, त्या ब्रह्माने हे जग का निर्माण केले, असा तिथे प्रश्न आहे, आणि 'लीला' हे उत्तर आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य सगळे मिळालेल्या राजाच्या खेळाचा दृष्टान्त देतात आणि मग दुसरा, श्वासोच्छ्वासाचा. श्वास बाहेरच्या कुठल्या हेतूने चालत नाही, स्वभावाने चालतो. जगाच्या निर्मितीला जे कारण पुरले, ते माझ्या पाऊण तासाला पुरायला हरकत नाही.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो सगळ्यांत खरा आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई रोज चार किलोमीटर चालत येते आणि चालत जाते. मला धावताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती हसून म्हणाली, "भाभी, कोई पीछे लगा है क्या?" त्या हसण्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. जिचे चालणेच पोटासाठी आहे, तिला उगाच धावणारी बाई विचित्र दिसणारच. उगाचपण ही चैन आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याचा अर्थ मी ते सोडावे असा होत नाही. मी सोडल्याने तिचे चार किलोमीटर कमी होत नाहीत. दोष माझ्याजवळ पाऊण तास आहे याचा नाही. तिच्याजवळ तो नाही याचा आहे. माझा हक्क खरा असेल तर तो तिचाही आहे, आणि तो तिला मिळवून देण्याची माझ्यापुरती जबाबदारी माझ्यावर येते. आता रविवारी तिला पगारी सुट्टी असते. त्या दिवशी ती काय करते, हे मी विचारीत नाही. विचारले की तेही कारण मागणेच झाले.

मर्यादेचेही असेच. सासूबाईंना ताप असला की मी जात नाही. त्या दिवशी जाण्याच्या बाजूने कुठलाच युक्तिवाद मी करणार नाही. समोर गरज उभी असेल तर आनंदाने बाजूला व्हावे. पण गरज नसताना त्याला दारात उभे करून जबाब घेऊ नये. माझ्या विचाराचे सार इतकेच, की आनंदाला कारण लागत नाही, मर्यादा लागते. आपण मात्र जन्मभर त्याच्याकडे कारण मागत राहतो.

देवासात पूर्वी एकाच गावात दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ साली दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. मीठा तलावाकडून टेकडीला वळसा घालताना मी वीस मिनिटांत दोन राज्यांतून हिंडून येते, असे एकदा सासूबाईंना सांगितले. त्या हसल्या. मग अडखळत विचारू लागल्या, तलावात पाणी किती आहे, टेकडीवर दिवे अजून होते का. या प्रश्नांचा त्यांना काही उपयोग नव्हता. तेव्हा मला जाणवले की तीन वर्षांत त्यांच्यासाठी घरात जे जे झाले, त्या प्रत्येकाला कारण होते. गोळी कारणाने, मालीश कारणाने, पथ्याची पेजसुद्धा कारणाने. यंदाच्या नवरात्रात आम्ही दोघांनी त्यांची खुर्ची गच्चीवर नेली आणि टेकडीवरच्या दिव्यांसमोर तासभर ठेवली. शेजारच्या काकूंनी खालून विचारले, "मोकळी हवा द्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय का?"

सासूबाईच म्हणाल्या, "नाही. उगाच."