तुळईचे टेबल

इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमचा वाडा पाडला गेला, त्याला आता बरीच वर्षे झाली. पाडला गेला, ही व्याकरणाची सोय झाली. वास्तविक चारही भावंडांनी रीतसर सह्या करून तो पाडावयास दिला. त्यातील सागवानापैकी एक तुळई आणि दरवाज्याच्या चौकटीचा एक खांब आम्ही मागून घेतला. बाकीचे लाकूड घनफुटाच्या हिशेबाने गेले. त्या दोहोंचे टेबल करून घेतले. येणारे-जाणारे त्याचे कौतुक करतात, आणि आम्हांस दर वेळी थोडे ओशाळल्यासारखे होते. हे ओशाळणे रास्त की अनाठायी, एवढाच येथील प्रश्न आहे.

मिस्त्रीचा पहिला दिवस केवळ खिळे काढण्यात गेला. लाकडावर लोहचुंबक फिरवून तो दडलेले खिळे हुडकी, कारण एक खिळा राहिला तरी रंध्याचे पाते जाते. बाहेरचे पांढरट लाकूड किडीने खाल्लेले होते. आतला गाभा मात्र तेलकट आणि निकोप निघाला. करवत लागताच सागाचा वास सुटला, तो काल तोडलेल्या झाडाचा असावा असा. खाली लोखंडी अँगलची चौकट जोडली. ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगते व आक्रसते, लोखंड तसे करीत नाही. म्हणून मिस्त्रीने चौकटीला गोल भोकांऐवजी लांबट भोके पाडली. स्क्रू घट्ट जखडले की पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच फळी उकलते, असे त्याचे म्हणणे. दोन भिन्न प्रकृतींना एकत्र नांदवण्याची ही युक्ती आमच्या घराण्यास वेळीच सुचती, तर वाडा कदाचित उभा असता. पण ते असो.

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय, चाके, आस की दांडी? कोणताही एक भाग रथ नव्हे आणि भागांखेरीज निराळा रथही सापडत नाही. या न्यायाने तुळई म्हणजे वाडा नव्हे, हे उघड आहे. उलट बाजूचे उदाहरण जपानात आहे. इसे येथील देवस्थान साधारण वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसेच्या तसे उभारतात. २०१३ साली ही उभारणी बासष्टाव्यांदा झाली. जुने लाकूड टाकून देत नाहीत. मुख्य मंदिराचे खांब पुलाजवळच्या तोरणद्वारास लागतात, काही लाकूड अन्य देवस्थानांस जाते. तेथे लाकूड बदलते आणि घर राहते. आम्ही लाकूड राखले आणि घर घालवले. दोन्हींना ‘जतन’ हा एकच शब्द लावावा काय? आमच्या मते लावू नये.

लोखंडाची गोष्ट याहून अवघड आहे. अँगल भंगारवाल्याकडून घेतले. ते एका बंद पडलेल्या मिलचे, एवढेच तो सांगू शकला. कोणत्या, ते त्यालाही ठाऊक नव्हते. या शहरात अशा मिल अनेक. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा निर्णायक धनादेश निघाला तो २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षे! तोवर कित्येकांचे वारसच हात पुढे करावयास उरले होते. आमच्या लाकडाला निदान स्मृती तरी आहे; लोखंडावर कोणाची थकबाकी आहे, हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नव्हते. वस्तू वाचवली की तिच्यामागचे देणेही फिटले, असा एक गोड समज जुन्या लाकडाच्या हौशीत दडलेला असतो.

चौकटीच्या खांबावर मुलांच्या उंचीच्या खुणा कोरलेल्या होत्या. आमच्या, तशाच मागच्या खोल्यांतील भाडेकरूंच्या मुलांच्याही. खांब उभा चिरून त्याची पट्टी टेबलाच्या कडेला बसवायची, तेव्हा मिस्त्रीने रंधा हाती घेऊन विचारले, “बाबूजी, निशान निकाल दूँ?” आम्ही ‘राहू दे’ म्हणालो, आणि स्वतःवर खूश झालो.

गेल्या दिवाळीत त्या भाडेकरूंचा मुलगा भेटीस आला. त्याच्या वडिलांना ठरलेली रक्कम देऊन आम्हीच खोल्या सोडवून घेतल्या होत्या. त्याने तो विषय काढला नाही. चहाचा कप बाजूला सारून तो कडेवरून बोट फिरवीत राहिला. स्वतःची खूण त्याला चटकन सापडली. मग म्हणाला, “काका, ताईची दिसत नाही.”

त्याची बहीण वाडा सोडतेवेळी तीन-चार वर्षांची होती. खांबाचा खालचा सव्वातीन फूट भाग वाळवीने पोखरलेला म्हणून मिस्त्रीने पहिल्याच दिवशी कापून टाकला होता. त्यावर काय कोरले आहे, हे आम्ही पाहिले नव्हते.