परत न येणारं ताट

सदाशिव पेठेत अण्णांची खानावळ होती. पाच टेबलं, भिंतीला लागून लाकडी बाक, आत दोन स्वयंपाकी आणि बाहेर एक वाढपी. जेवणारे बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. लातूर, बीड, नांदेड, धाराशिवकडून आलेली ही मुलं सकाळी अभ्यासिकेत शिरत आणि जेवणापुरती बाहेर पडत. महिन्याचे पैसे आगाऊ, खाड्यांची वही वेगळी, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद.

खानावळीचा मालक सहसा गल्ल्यावर बसतो. अण्णा बसत मोरीच्या दाराशी. जेवून उठलेल्याचं ताट विसळायला जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाई. पाच-सहा ताटांत वांग्याची भाजी तशीच राहिलेली दिसली की ते आत जाऊन भाजीची चव घेत. बहुतेक वेळा वांगं कडवट निघे. आमटीची वाटी चाटूनपुसून साफ झालेली असली की स्वयंपाक्याला म्हणत, "आजचा गोडा मसाला कोणत्या डब्यातला? तोच वापरा." आणि एखाद्याच्या ताटात सगळंच उरलं असेल तर बाहेर येऊन हळूच विचारत, "काय रे, निकाल लागला का आज?"

अण्णांना नव्या गोष्टींचं वावडं नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या, त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं होतं. गल्लीतल्या खानावळींत क्यूआर कोडचा फलक सगळ्यांत आधी लावणाऱ्यांत ते होते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, मुलांचे आईवडील गावाहून थेट पैसे पाठवू लागले. "सोय झाली," असं ते मोकळेपणाने म्हणत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मुलं गावी गेली. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात हॉटेलांना निम्म्या आसनांवर परवानगी मिळाली, पण अभ्यासिकाच ओस, तर बाकावर बसणार कोण? तेव्हा अण्णांच्या मुलाने खानावळ एका घरपोच जेवणाच्या ॲपवर नोंदवली. थाळीचे फोटो काढले, अन्नपरवान्याचा क्रमांक भरला आणि चौथ्या दिवशी पहिली ऑर्डर आली. त्या वर्षी दोन्ही स्वयंपाक्यांच्या घरची चूल त्या ॲपमुळे पेटती राहिली, हे अण्णा कधीच विसरले नाहीत.

पुढे सगळं उघडलं, मुलं परतली आणि ॲपवरच्या ऑर्डरीही वाढल्या. मुलगा खूश होता. सून संध्याकाळी हिशेब लिहायला बसे, तिच्या कपाळावर मात्र आठ्या. दीडशे रुपयांची थाळी. ॲपची दलाली पाव हिस्सा, म्हणजे ३७ रुपये ५० पैसे. त्या दलालीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६ रुपये ७५ पैसे. डबे, झाकणं आणि पिशवी यांचे १२ रुपये. हातात उरत ९३ रुपये ७५ पैसे. त्यातून धान्य, भाजी, गॅस, पगार आणि भाडं.

हेही एक वेळ निभावलं असतं. पण खानावळीचे तारे उतरू लागले. सव्वाचारवरून चार, चारवरून साडेतीन. खाली शेरे असत ते दोन-तीन शब्दांचे: 'ठीक नाही', 'पूर्वीसारखं नाही', 'परत मागवणार नाही'. मुलाने यावर चार लोकांनी सांगितलेले उपाय केले. सवलत जाहीर केली. पनीरचे सहा प्रकार आणि फ्राइड राइस यादीत घातला. फोटो नव्याने काढून घेतले. सवलतीच्या दिवशी ऑर्डरी उसळत, सवलत संपली की बसत. आत स्वयंपाक्यांची त्रेधा उडे, आणि बाकावरचा मुलगा दुसऱ्या पोळीची वाट बघत ताटातला हात वाळवत बसे.

एके रात्री अण्णांनी मुलाला विचारलं, "आज किती ताटं गेली बाहेर?"

"साठ."

"त्यातली परत किती आली?"

"अण्णा, ती परत कशी येतील? डब्यातून जातात. खाऊन लोक डबा फेकून देतात."

"मग त्यांनी काय टाकलं ते आपल्याला दिसणार कुठे?"

"तारे देतात ना लोक."

"ताऱ्यावरून कळतं की माणूस नाराज आहे. मीठ कमी होतं की पोळी वातड, ते कुठे कळतं? मी मोरीपाशी बसतो तो त्यासाठीच. ही साठ ताटं मी बघितलेलीच नाहीत."

मुलगा गप्प राहिला. सुनेने मात्र ते बोलणं मनात धरलं. शनिवारी ती कोथरूडला भावाकडे गेली आणि भावाच्या फोनवरून आपल्याच खानावळीची थाळी मागवली. पैसे पूर्ण भरले, खानावळीत कोणाला कळू दिलं नाही. पाऊण तासाने दारावरची घंटा वाजली.

तिने डबे टेबलावर ओळीने मांडले आणि एकेक उघडला. पोळ्या तव्यावरून उतरल्या उतरल्या डब्यात बंद झाल्या होत्या. त्यांची वाफ झाकणाला लागून पाणी झाली आणि ते पाणी पोळ्यांवरच ठिबकलं. वरची पोळी ओलसर, खालची चिकटलेली. काकडीची कोशिंबीर खानावळीतच मीठ घालून भरलेली, वाटेत तिला इतकं पाणी सुटलं की दाण्याचं कूट तळाशी बसलं होतं. आमटीच्या डब्याचं झाकण एका कडेने उघडलं होतं आणि पिशवीच्या तळाशी केशरी तेलाचा थर आला होता. अळूची पातळ भाजी तेवढी तग धरून होती. चव सगळ्यांची तीच, अण्णांच्या स्वयंपाकघरातली. पण जेवण ते नव्हतं.

भाऊ म्हणाला, "ताई, खरं सांगू? आम्ही दोनदा मागवलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तिने एकही घास न टाकता सगळं जेवण संपवलं. घरी आल्यावर कागद घेऊन बसली, आणि सोमवारपासून खानावळीत काही गोष्टी बदलल्या. बाहेर जाणाऱ्या पोळ्या आधी जाळीवर निववायच्या, मग सुती फडक्यात ठेवायच्या आणि शेवटी कागदात गुंडाळून भरायच्या. कोशिंबिरीचं मीठ-साखर वेगळ्या पुडीत द्यायचं, म्हणजे जेवणाऱ्याने ते आयत्या वेळी कालवावं. आमटीला आट्यांच्या झाकणाचा डबा घ्यायचा, भले दोन रुपये जास्त जावोत. यादीतले पनीरचे प्रकार आणि फ्राइड राइस काढून टाकले. पाऊण तासाच्या प्रवासात जे टिकतं तेवढंच ॲपवर ठेवलं. अळूची भाजी, मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, मसालेभात असे नऊ पदार्थ. आणि बाकावरच्या मुलांचं वाढप आधी, डबे नंतर, हा नियम वाढप्याला पक्का सांगितला.

दलाली कमी झाली नाही. पण सवलतीवर होणारा खर्च थांबला, कारण सवलत नसतानाही माणसं मागवू लागली. तारे हळूहळू वर चढले. मुलगाही शहाणा झाला. आता दर महिन्याला खानावळीतलं कोणीतरी दूरच्या नातेवाइकाकडे जातं, कधी कात्रज, कधी बाणेर, कधी खडकी, आणि तिथून थाळी मागवून जेवतं. पहिल्या फेरीला अण्णा स्वतः गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "मसालेभात उत्तम पोचतो. पापड मात्र देऊ नका, मऊ पडतो."

ही गोष्ट एका खानावळीची असली तरी तिचं मर्म जुनं आहे. मुंबईत १८९० पासून डबेवाले घरचं जेवण कचेरीत पोचवत आले आहेत. दुपारी तोच डबा रिकामा होऊन घरी परतायचा, हा त्या व्यवस्थेचा अर्धा भाग आहे. डबा उघडला की घरच्या बाईला कळायचं, भाजी संपली की उरली, पोळ्या दोन कमी द्यायच्या की जास्त. नव्या व्यवस्थेत जेवण जातं, पैसे येतात, पण डबा परत येत नाही. विकणारा आणि खाणारा यांच्यामध्ये फोनचा पडदा असतो, आणि त्या पडद्यावर दिसतात ते फक्त आकडे. आकडे वाईट आहेत हे पडदा सांगेल. का वाईट आहेत, हे त्याच्यापलीकडे जाऊन बघावं लागतं.

तंत्राशी भांडण्यात अर्थ नाही. त्याने टाळेबंदीत चुली पेटत्या ठेवल्या आहेत, आणि घरबसल्या साड्या, मसाले, लोणची विकणाऱ्या कितीतरी बायकांना स्वतःच्या कमाईचं खातं दिलं आहे. पण ज्याचं गिऱ्हाईक समोर बसत नाही, त्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. समोरच्याचा चेहरा दिसतो तेव्हा चूक आपोआप कळते, तो दिसेनासा झाला की ती शोधायला जावं लागतं.

म्हणून ऑनलाइन धंदा करणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. लोणची विका, कपडे विका, पुस्तकं विका नाहीतर जेवण विका, महिन्यातून एकदा स्वतःचाच माल नाव न सांगता, पूर्ण पैसे भरून, दुसऱ्याच्या पत्त्यावर मागवा. पार्सल स्वतःच्या हाताने फोडा. आत निघेल ते आवडलं तरच पुढच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घ्या.