ब्रीद आणि बिल

महापालिकेचे बिल कोणी वरून खाली वाचत नाही. ते खालून वर वाचायचे असते. आधी आकडा, मग आकड्यामागची शून्ये, मग 'मागील थकबाकी' आणि शेवटी मुदतीची तारीख. एवढे होईपर्यंत माणसाची वाचनाची हौस फिटते आणि कागद फ्रीजच्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यामुळे बिलाच्या माथ्यावर काय छापले आहे ते वाचलेला मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. तिथे एक बोधचिन्ह असते, त्यात बारीक बारीक चित्रे असतात आणि एक संस्कृत ओळ असते : 'यतो धर्मस्ततो जयः'. जिथे धर्म, तिथे जय.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांना मी ही ओळ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अहो, हे अर्धंच छापलंय. बिलावर खरं तर असं पाहिजे, 'यतः करस्ततो नळः'. जिथे कर, तिथे नळ. संधी तपासून घ्या, चुकलेला नाही."

संधी चुकला नव्हता. पण मला प्रश्न पडला तो निराळाच. शहराला ब्रीद लागते कशाला?

मूळ गोष्ट युरोपातली. मध्ययुगात तिकडचे सरदार नखशिखांत लोखंडात शिरून लढायला जात. आत कोण आहे हे त्याच्या सख्ख्या बायकोलाही ओळखता येणे कठीण. म्हणून ढालीवर सिंह, गरुड, वाघ असे काहीतरी रंगवायचे. पुढे सरदारांचे पाहून गावांनीही ढाली काढल्या. आता गाव काही घोड्यावर बसून लढायला जात नाही. पण शेजारच्या गावाने सिंह लावला म्हटल्यावर आपल्याकडे निदान बोकड तरी नको का? सोसायटीत एकाने ग्रिल बसवले की महिन्याभरात सगळ्या मजल्यांवर ग्रिले दिसतात, त्यातलाच प्रकार.

पॅरिसच्या ढालीवर जहाज आहे. सीन नदीवर मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांचे ते जुने चिन्ह. त्याखाली लॅटिन वाक्य आहे, त्याचा अर्थ : हेलकावे खाते, पण बुडत नाही. 2015 च्या नोव्हेंबरात तिथे दहशतवादी हल्ले झाले, तेव्हा लोकांनी हेच वाक्य भिंतींवर लिहिले. एरवी सरकारी कागदावर झोपलेले वाक्य अडचणीच्या वेळी उठून रस्त्यावर आले. हे ब्रीद आपण मुंबईसाठी मागून घ्यावे असे मला क्षणभर वाटले. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, हे आठवले आणि 'बुडत नाही' या शब्दांपाशी अडखळलो.

ग्लासगोची कथा तर आपल्या शाकुंतलाची मावसबहीण शोभेल. त्या शहराच्या चिन्हावर एक मासा आहे आणि माशाच्या तोंडात अंगठी. राणीने राजाने दिलेली अंगठी एका सरदाराला दिली. राजाने ती त्याच्या बोटातून, तो झोपेत असताना काढून घेतली, नदीत फेकली आणि घरी येऊन राणीला विचारले, "अंगठी कुठे आहे?" राणी धावली संत मंगोकडे. त्याने नदीत गळ टाकायला लावला, मासा मिळाला, पोटात अंगठी ! शकुंतलेची बिचारीची चूक नव्हती. इथे राणीची होती, तरी संताने तिला सोडवले. म्हणजे एका शहराने आपल्या ढालीवर चक्क मिटवलेल्या प्रकरणातला पुरावा मिरवला आहे. मला तर त्यात मोठी माणुसकी दिसते.

पण माझे लक्ष गेले ते ग्लासगोच्या ब्रीदाकडे. 'ग्लासगोची भरभराट होवो' एवढेच ते आहे. सतराव्या शतकातल्या चर्चच्या घंटेवर मात्र ते लांबलचक होते : प्रभो, तुझ्या वचनाच्या प्रवचनाने आणि तुझ्या नामाच्या स्तुतीने ग्लासगोची भरभराट होवो. 1866 मध्ये चिन्हाला रीतसर मान्यता मिळाली तेव्हा अट गळाली आणि भरभराट तेवढी उरली. हे आपल्या नवसासारखे झाले. 'मुलगा पास झाला तर एकवीस नारळ वाहीन' यातला मुलगा पास होतो आणि नारळ गळून जातात.

मुंबईचा प्रवास याच्या बरोबर उलटा झाला, आणि याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान आहे. व्हीटी स्थानकासमोर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, महापालिकेची इमारत आहे. दोन्ही इमारती स्टीव्हन्स नावाच्या एकाच वास्तुविशारदाच्या. महापालिकेची 1893 मध्ये पुरी झाली. तिच्या दर्शनी भागावर पंख असलेली एक मूर्ती आहे, तिचे नाव 'उर्ब्स प्रिमा इन इंडिस'. हिंदुस्थानातले पहिले शहर ! त्या वेळी राजधानी कलकत्त्याला होती, पण ते असो. त्यात अट नव्हती, नुसती मिशीला पीळ होता. आज बिलावर आहे त्यात मात्र अट आहे. आम्ही पहिले, असे ते म्हणत नाही. धर्म असेल तर जय, असे म्हणते. फुशारकी गेली आणि 'जर-तर' आले.

आपल्याकडे चिन्हाचा अर्थ मुळात असाच होता. लग्नात देवक बसवतात ते आठवा. कुणाचे कळंब, कुणाची पंचपालवी. ज्या घराचे देवक कळंब, त्या घराने कळंबावर कुऱ्हाड चालवायची नाही. चिन्ह मिरवायचे म्हणजे काहीतरी न करण्याची हमी द्यायची. हल्लीच्या लोगोला ही कटकट नाही. न्यूयॉर्कसाठी मिल्टन ग्लेझरने 1977 मध्ये तीन अक्षरे आणि एक लाल बदाम एवढ्यावर काम भागवले आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. लोगो म्हणतो, माझ्यावर प्रेम करा. ब्रीद म्हणते, मला मोजा. यातले दुसरे आपण होऊन कोण म्हणवून घेईल?

म्हणूनच आपण ते उलटे वाचतो. जिथे धर्म तिथे जय, हे खरे वाक्य. आपण वाचतो, जिथे जय तिथे धर्म. रांग मोडून जो पुढे गेला तो 'हुशार', निवडून आला तो 'लोकांचा', पार्किंग मिळवले तो 'व्यवहारी'. रांगेत उभा राहिलेला तेवढा 'बावळट'. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, म्हणून ओला रस्ता दिसला की पाऊसच पडला असे म्हणणाऱ्याने टँकर पाहिलेला नसतो.

काकांना हे पटले. पण ते मास्तर, त्यांनी पुढचा धडा घेतला. "हे वाक्य महाभारतात बोललं कोण, ठाऊक आहे? गांधारी. दुर्योधन युद्धाचे अठरा दिवस आईकडे आशीर्वाद मागायला यायचा. ती 'विजयी भव' म्हणाली नाही. म्हणाली, यतो धर्मस्ततो जयः."

मी गप्प झालो. तेच वाक्य सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हावरही आहे, तिथे ते शोभते. पण आईने पोटच्या पोराला हे म्हणायचे ! म्हणजे हा विजयाचा नारा नाही, नाकारलेला आशीर्वाद आहे. आपल्या माणसाला 'तू माझा आहेस म्हणून जिंकशील' असे सांगायचे नाही, हा त्याचा अर्थ. आणि ज्यांचा जय झाला त्या पांडवांची तरी मुले कुठे उरली?

"मग काढून टाकावं ना बिलावरून," आमची मंडळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पाळायचं नाही तर लिहायचं कशाला? ढोंग नुसतं."

प्रश्न खरा होता. पाळता न येणारे ब्रीद हे ढोंगच की. पण मला वाटते, भिंतीवर फूटपट्टी असली की निदान आपण बुटके आहोत हे कळते. पट्टी काढून टाकल्याने कोणी उंच झाल्याचे ऐकिवात नाही. ज्याने ब्रीद लिहून ठेवले आहे त्याला 'हे काय?' असे विचारता येते. ज्याच्याकडे नुसता बदाम आहे त्याला काय विचारणार?

फक्त विचारताना एक पंचाईत होते. शहर म्हणजे कोण? खिडकीपलीकडचा कारकून, की खिडकीअलीकडचा मी? 2005 च्या त्या रात्री अडकलेल्या अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, चहा दिला, बिस्किटे दिली, कोरडे कपडे दिले. कुणी बिलावरची ओळ वाचून दिले नव्हते. त्यात जय कसला? कुणालाही ढाल मिळाली नाही. एवढेच झाले की दुसऱ्या दिवशी शहर शहर राहिले होते, नुसता चिखल आणि माणसे असे झाले नव्हते. कदाचित त्या ओळीतला जय एवढाच असेल, आणि एवढा पुरेसा असेल.

हे काही बोधचिन्हाच्या चित्रात दाखवता येत नाही. ते बघावे लागते. गांधारीच्या डोळ्यांवर तर पट्टी होती, तरी तिला दिसले. आपल्याला निदान चष्मे आहेत.