खेळातले पाप खरे की खोटे?

खेळात केलेले पाप हे पाप असते काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न पोरकट वाटेल. बुद्धिबळात आपण प्रतिपक्षाची प्यादी मारतो, म्हणून रात्री निजण्यापूर्वी कोणी क्षमा मागत नाही. नाताळच्या नाटिकेत हेरोदाचे काम करणाऱ्या मुलाला मंडळीतील कोणी बालहत्येचा दोषी धरीत नाही. मग संगणकाच्या पडद्यावरील एका काल्पनिक राज्यात मुलाने चार खोट्या मोहरा बुडविल्या, तर वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या का घालाव्यात? गेल्या उन्हाळ्यात मी तशा आठ्या घातल्या. त्या आठ्यांनी मला जेथे नेऊन सोडले, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

माझी कन्या व जावई बंगळुरास असतात. जावयांना जुन्या संगणकीय खेळांची आवड आहे. त्यांनी माझ्या बारा वर्षांच्या नातवाला 'अल्टिमा ४' नावाचा, १९८५ साली निघालेला एक खेळ लावून दिला होता. तो इतका जुना, की त्यातील माणसे म्हणजे रंगीत ठिपक्यांची लहानशी चित्रेच; पण भाषा मात्र जुन्या इंग्रजी पवित्र शास्त्राच्या वळणाची. न समजलेल्या शब्दांचे अर्थ विचारण्यासाठी नातू मला शेजारी बसवून घेऊ लागला, आणि पाहता पाहता मीही त्या प्रवासात सामील झालो.

ज्यांना या प्रकाराचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मध्ययुगीन युरोपासारखे एक राज्य असते. त्यात किल्ले, गावे, अरण्ये, भुयारे असतात. खेळणाऱ्याने त्यातील एक पात्र व्हायचे, वाटेत सोबती जमवायचे आणि त्या जमावाचे बरेवाईट निर्णय आपण घ्यायचे. या साऱ्याचे मूळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळात आहे. १९९८ साली कॅनडात तयार झालेला 'बॉल्डर्स गेट' आणि २०२३ साली बेल्जियममधील कंपनीने काढलेला त्याचा तिसरा भाग, हे त्याच कुळातले. जादू व राक्षस यांचा त्यांत सुळसुळाट असल्यामुळे १९८० च्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती पालकांनी या खेळांना कडाडून विरोध केला होता.

'अल्टिमा ४' चा जन्म एका अर्थी त्या विरोधातूनच झाला. त्याचा कर्ता रिचर्ड गॅरियट हा अंतराळवीर ओवेन गॅरियट यांचा मुलगा. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भागाच्या वेष्टनावर सैतानासारखी आकृती होती. ती पाहून संतापलेल्या लोकांची पत्रे त्याला आली. ती वाचताना, आणि लोक आपला खेळ प्रत्यक्षात कसा खेळतात हे पाहताना, त्याच्या ध्यानात आले की जिंकण्यासाठी खेळाडू निरपराध गावकऱ्यांना मारतात, चोऱ्या करतात, आणि शेवटी त्यांनाच वीर म्हणून गौरविले जाते. तेव्हा त्याने असा खेळ रचला, की ज्याच्या अखेरीस मारावयाचा कोणी दुष्ट सम्राटच नाही. खेळणाऱ्याने चांगले मनुष्य होणे, हेच त्यातील साध्य.

त्यासाठी त्याने सत्य, प्रेम व धैर्य ही तीन तत्त्वे घेतली आणि त्यांच्यापासून आठ सद्गुण काढले: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता व नम्रता. प्रत्येक गुणाचे एक गाव आहे व एक व्यवसाय आहे. नम्रतेच्या वाट्याला आला आहे मेंढपाळ, जो लढाईत सर्वांहून दुबळा. प्रारंभी पत्ते मांडून बसलेली एक स्त्री दोन सद्गुणांत झगडा लावणारे प्रश्न विचारते. न मोजलेल्या मोहरांची थैली दुसऱ्याकडे पोहोचविताना वाटेत भिकारी भेटला, तर विश्वास राखावा की त्यातील एक मोहर त्याला द्यावी? अशा उत्तरांवरून आपले पात्र ठरते. आठही गुणांत जो पूर्णत्वास जातो, त्याला खेळात 'अवतार' म्हणतात. शब्द आपल्याच संस्कृतातला, पण अर्थ उलटा झालेला. अवतार म्हणजे वरून खाली उतरणे. येथे मात्र मनुष्य एकेक पायरी चढत वर जातो. हा फरक मला आरंभापासून कुठेतरी खुपत होता.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. या राज्यात मंत्रांसाठी लागणारी लसूण, गंधकाची राख वगैरे द्रव्ये विकणारी दुकाने आहेत आणि ती विकणारे आंधळे आहेत. विकणारी किती मोहरा झाल्या ते सांगते, आणि किती देतोस म्हणून विचारते. आपण आकडा लिहायचा. कमी लिहिला तरी ती मुकाट्याने घेते. पडद्यावर ना इशारा येतो, ना शिक्षा. नातवाने अनेक मोहरांच्या मालाबद्दल एक मोहर दिली आणि माझ्याकडे पाहून हसला.

"अरे, आंधळ्या बाईला फसवलेस?" मी बोलून गेलो. माझा आवाज वाजवीपेक्षा चढला असावा, कारण स्वयंपाकघरातून त्याची आई डोकावली.

"आजोबा, ती बाई आहेच कुठे?" तो म्हणाला. "ती नुसते चित्र आहे. चित्राला कसे फसवणार?"

मला उत्तर सुचले नाही, आणि विचार करता त्याचेच म्हणणे मला बरोबर वाटू लागले. जेथे दुखावले जाणारे कोणी नाही, तेथे कोणाविरुद्ध अपराध घडला? पण हे मान्य केले, तर त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. चित्राला फसविणे हे पाप नसेल, तर चित्राला दान देणे हेही पुण्य नव्हे. वस्तुतः हा खेळ गुपचूप हिशेब ठेवीत असतो. आंधळीला कमी पैसे दिले की प्रामाणिकपणा, न्याय व सन्मान घटतात. भिकाऱ्याला नाणे दिले की करुणा वाढते. हे कळल्यावर नातवाने एका भिकाऱ्यासमोर उभे राहून एकेक नाणे देण्याचा सपाटाच लावला. त्याच्या मनात करुणेचा लवलेश नव्हता. होती ती बेरीज. 'बॉल्डर्स गेट' मध्ये तर मंदिरात पुरेसे सोने दिले की लौकिकाचा आकडा वाढतो, आणि लौकिक वाढला की दुकानदार माल स्वस्त देतात! यंत्राला कृती मोजता येते, पण तिच्यामागचा हेतू दिसत नाही. म्हणून खेळातल्या सद्गुणांनी मुले सज्जन होतील असे मला वाटत नाही, आणि त्यातल्या दुर्गुणांनी ती दुर्जन होतील असेही नाही.

मग माझा राग कशाचा होता? त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला दावीद राजा आठवला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला, तो आरोप घेऊन नव्हे. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली. ती गोष्ट कल्पित होती. तो श्रीमंत कोठेही राहत नव्हता आणि ती मेंढी कधी जन्मली नव्हती. तरीही दावीद संतापला व त्याने निवाडा दिला. माणूस खोटा होता, पण निवाडा खरा होता. आणि तो देऊन झाल्यावरच नाथानाने बोट राजाकडे वळविले. खऱ्या प्रकरणात जे डोळे दावीदाने मिटून घेतले होते, ते खोट्या गोष्टीने उघडले. कल्पित व्यक्तीवर अन्याय होऊ शकत नाही हे खरे. पण तिच्यासमोर उभे राहिलेले आपले मन कल्पित नसते.

माझ्याकडे बोट वळविण्यास नाथान लागला नाही. १९९२ साली मी भोपाळला एका कार्यालयात नोकरीस होतो. पत्नी व तीन वर्षांची मुलगी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) होत्या. त्या काळी घरी बोलायचे तर एसटीडी बूथ गाठावा लागे, आणि रात्री अकरानंतर दर उतरत असल्यामुळे त्या वेळी रांग लागे. अपंग व्यक्तींना असे बूथ प्राधान्याने दिले जात. आमच्या गल्लीतील बूथ एका अंध गृहस्थांचा होता. बोलणे संपले की यंत्रातून चिठ्ठी बाहेर येई. ती ते ग्राहकाच्या हाती देत व "कितना हुआ, भैया?" असे विचारीत. मुलीला ताप होता, बोलणे लांबले होते आणि महिनाअखेर होती. चिठ्ठीवर बत्तीस रुपये होते. मी "तेईस" म्हणालो. त्यांनी माझ्या दहाच्या तीन नोटा बोटांनी चाचपल्या, सात रुपये परत दिले आणि मुलीची प्रकृती कशी आहे ते विचारले.

नऊ रुपये! पुढच्या पगाराला देऊन टाकू, असे ठरविले. दिले असते तर ते का दिले हे सांगावे लागले असते. ती लाज वाटून मी दुसऱ्या बूथवर जाऊ लागलो. पुढे बदली झाली. काही वर्षांनी भोपाळला जाणे झाले, तेव्हा त्या जागी झेरॉक्सचे दुकान होते आणि त्या गृहस्थांची माहिती कोणालाच नव्हती. जक्कयाने फसविलेल्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखविली, कारण ते त्याला सापडण्याजोगे होते. माझा माणूस हरवला होता.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला हे सांगितले. सांगावे की न सांगावे, याचा मी पुष्कळ विचार केला. आजोबांची जी प्रतिमा त्याच्या मनात आहे तिला तडा जाईल, ही भीती होतीच. त्याने सारे ऐकून घेतले. ज्या मुलीला ताप होता ती आपली आई, हे ध्यानात येऊन तो क्षणभर गप्प झाला. मग संगणकाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली. "आजोबा, मी आधी राखून ठेवलेल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू केला. आता मी तिला कधी फसवलेलेच नाही!"

त्याचे खरे होते. खेळात मागे जाऊन चूक घडण्यापूर्वीच्या क्षणी उभे राहता येते, आणि मग ती चूक कोणाच्याही स्मरणात उरत नाही. मला त्याचा हेवा वाटला हे कबूल करतो. पश्चात्ताप म्हणजे असेच काहीतरी असावे, अशी माझी वर्षानुवर्षे समजूत होती: पाटी पुसली जावी आणि ते नऊ रुपये कधी घडलेच नव्हते असे व्हावे. तसे झाले नाही, म्हणून मला क्षमा मिळालीच नाही असे मी मनात धरून चाललो होतो.

पण पेत्राचे काय झाले? कोंबडा आरवण्यापूर्वीचे त्याचे तीन नकार कोणी पुसले नाहीत. चारही शुभवर्तमानांत ते नोंदले आहेत व दुःखसहनाच्या सप्ताहात आजही ते भर मंडळीत वाचले जातात. जर क्षमा म्हणजे घडलेले न घडलेले करणे असेल, तर पेत्राला ती मिळाली नाही असे म्हणावे लागेल. त्याला मिळाले ते निराळे. ज्याला त्याने नाकारले तो स्वतः समुद्रकिनारी त्याच्याकडे आला, आणि ज्याने नकार दिला त्याच पेत्रावर त्याने मेंढरांची जबाबदारी सोपविली. खेळातील 'अवतार' या शब्दात मला जे खुपत होते, त्याचा उलगडा येथे झाला. चढत जाऊन पूर्ण व्हावयाचे असेल तर मागची प्रत्येक पायरी निष्कलंक लागते, आणि ती तशी नसेल तर खेळ पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याला मागे जाता येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी खाली उतरून यावे लागते.

याचा अर्थ देणे फिटले असा नव्हे. ज्यांचे होते त्यांना देता आले नाही, म्हणून देण्याची सवयच सोडावी हेही बरे नव्हे. अंध बंधुभगिनींकडून काही घेताना मी आता आकडा मोठ्याने, दोनदा वाचतो. त्याने भोपाळचा हिशेब मिटत नाही. पण तो विसरण्याची इच्छा मात्र राहिली नाही.

पालक विचारतील, मुलांना हे खेळ खेळू द्यावेत काय? वेळेचे बंधन हवेच, आणि त्यांतील काही खेळ मुलांनी पाहू नयेत असे आहेत. परंतु दार बंद करण्यापूर्वी एकदा शेजारी बसून पाहावे. 'अल्टिमा ४' मध्ये एकट्याला शेवटच्या दालनात प्रवेश नाही. सातही सोबती बरोबर लागतात, तो दुबळा मेंढपाळदेखील. आपले मूल तेथे कोणाशी कसे वागते हे पाहताना, आपणच मुलाला काही विचारू लागतो. आणि क्वचित मूलच आपल्याला विचारते.

येत्या रविवारी अर्पणाची थैली आपल्यासमोर येईल. आपली मूठ तीत जाईल, आणि मुठीत काय आहे ते थैली धरणाऱ्याला दिसणार नाही. तो किती दिलेत म्हणून विचारणारही नाही. त्या क्षणी नातवाची ती आंधळी विकणारी मला आठवेल. वाचकांनाही आठवावी, एवढीच इच्छा.